फुकटचा व्हायरस क्लीनर टाकण्याआधी

मागच्या पावसाळ्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा कॉम्प्युटर माझ्याकडे दुरुस्तीला आला. तक्रार नेहमीचीच होती, स्लो झालाय, टॅली उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. चालू करून पाहिला तर आत दोन अँटिव्हायरस, तीन क्लीनर आणि ब्राउझरमध्ये चार अनोळखी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडले जाणारे छोटे प्रोग्रॅम. मालकांनी जे सांगितलं ते ऐकून हा लेख लिहायचं मनात आलं. पहिल्या क्लीनरने 800 'प्रॉब्लेम' दाखवले आणि ते काढायला पैसे मागितले, म्हणून त्यांनी दुसरा टाकला. दुसऱ्याने पहिल्यालाच धोकादायक म्हटलं. मग खरं कोण बोलतंय ते बघायला तिसरा टाकला. "सर, सगळे फुकटच होते की ओ, मग बिघडलं कुठं?"

त्या मशीनमध्ये खरा व्हायरस एकही सापडला नाही. सगळा भार राखणदारांचाच होता.

नवा किंवा सेकंडहँड कॉम्प्युटर घेतलेले विद्यार्थी, नुकतं टायपिंग सेंटर टाकलेली मुलं, हिशेब स्वतः करायला लागलेले कारखानदार यांच्यासाठी हे लिहितो आहे. तुम्ही सगळे एकच प्रश्न विचारता: "कोणता फ्री क्लीनर चांगला?" या प्रश्नाला कायमचं उत्तर नाही. काल चांगलं असलेलं साधन आज दुसऱ्या मालकाकडे गेलेलं असतं. मूळ साइटवर स्वच्छ असलेली फाइल दुसऱ्या साइटवर चार चिकट्या, म्हणजे न मागता चिकटणारे प्रोग्रॅम, सोबत घेऊन येते. म्हणून मी नावांची यादी देत नाही, तपासायची रीत सांगतो. त्यात दोन-चार नावं येतील, तीही कारणासकट.

पहिली पायरी: काही टाकू नका

घाबरलेला माणूस गूगलवर 'फ्री व्हायरस रिमूव्हर' लिहितो आणि सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक करतो. वरच्या ओळी पुष्कळदा पैसे देऊन घेतलेल्या जाहिराती असतात, तिथे बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं. खऱ्या साधनाच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावाची नकली पानं तिथूनच लोकांच्या गळ्यात पडतात. म्हणून आधी हात आवरा आणि नेमकं काय होतंय ते कागदावर लिहा. कुठल्या खिडकीत दिसतं, ब्राउझर बंद असतानाही दिसतं का, कधीपासून दिसतं.

माझ्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार म्हणजे स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून वर सरकणारी 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले' ही पट्टी. त्यावर नामांकित अँटिव्हायरसचा लोगोही असतो. हा बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. क्रिकेटचा सामना फुकट बघायला किंवा दहावीचा निकाल बघायला कुठल्या तरी साइटवर गेलात, तिथे 'मी रोबोट नाही, अलाउ दाबा' असं आलं आणि तुम्ही दाबलंत. त्या साइटला तुम्हाला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी मिळाली, एवढंच घडलं. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइटींची यादी दिसेल. अनोळखी नावं काढून टाका. कितीतरी जणांचा 'व्हायरस' इथेच संपतो, आणि त्यासाठी काहीही डाउनलोड करावं लागत नाही.

दुसरा प्रकार जास्त वाईट. पूर्ण स्क्रीन व्यापणारं पान, मोठा आवाज आणि खाली फोन नंबर. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो, हे पाठ करून ठेवा. त्या नंबरवर फोन करू नका. ऑल्ट आणि एफ4 दाबून खिडकी बंद करा, नाही झाली तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. फोन आधीच केला असेल आणि समोरच्याला स्क्रीनचा ताबा दिला असेल, तर लगेच नेट तोडा आणि दुसऱ्या मोबाइलवरून बँकेचे पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर त्याच क्षणी फोन लावा. उशीर जितका कमी, तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

दुसरी पायरी: आत काय बसलंय ते बघा

सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग इन्स्टॉल्ड ॲप्स उघडा आणि यादी तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या दिवशी काय काय आलं ते एका नजरेत दिसतं. एखादा पीडीएफ कन्व्हर्टर किंवा मराठी फॉन्टचा पॅक टाकला, आणि त्याच तारखेला तुम्ही न मागितलेली आणखी तीन नावं आली, तर तीच चोरवाट. मराठी टायपिंगवाल्यांना हे खास सांगतो. फॉन्ट आणि कन्व्हर्टर शोधताना आपण ज्या साइटींवर फिरतो, तिथे 'डाउनलोड' नावाची पाच हिरवी बटणं असतात आणि त्यातलं खरं एकच असतं.

न मागितलेलं सगळं इथूनच अनइन्स्टॉल करा. मग ब्राउझरच्या एक्स्टेन्शनच्या पानावर जा आणि ओळख न पटणारं प्रत्येक काढा. तरीही होमपेज किंवा सर्च बदललेलंच राहिलं, तर ब्राउझरच्या सेटिंग्जमधलं 'रीसेट सेटिंग्ज' वापरा. त्यात बुकमार्क आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत.

तिसरी पायरी: विंडोजचा स्वतःचा राखणदार

विंडोज 10 आणि 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो. नवख्या माणसाला रोजच्या वापरासाठी तो पुरेसा आहे, हे माझं स्पष्ट मत आहे. बहुतेकांकडे तो अर्धवट बंद असतो, अडचण तिथे असते.

तीन गोष्टी बघा. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल', तिथे 'रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन', आणि त्यात 'पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' चालू करा. टूलबार (ब्राउझरच्या वरच्या बाजूला येऊन बसणाऱ्या पट्ट्या) आणि नकली क्लीनर याच जाळीत अडकतात.

दुसरं, 'एक्सक्लूजन्स'ची, म्हणजे डिफेंडरने तपासायच्या नाहीत अशा जागांची, यादी उघडा. ही जागा सहसा कोणी तपासत नाही आणि सेकंडहँड मशीनमध्ये सगळ्यात मोठं भोक इथेच असतं. विडी घरकुलातल्या एका मुलाने जुना पीसी आणला होता. डिफेंडर चालू, अपडेट झालेला, स्कॅन स्वच्छ, आणि तरी ब्राउझर आपोआप उघडायचा. यादी उघडली तर अख्खा सी ड्राइव्हच वगळलेला. दरवाजावर वॉचमन बसवायचा आणि त्याला सांगायचं की या वाड्याकडे बघू नकोस, तसला प्रकार. फुकटात विंडोज चालू करून देणारे ॲक्टिव्हेटर बहुधा आधी डिफेंडर बंद करायला लावतात, नाहीतर स्वतःला या यादीत घालून घेतात. ज्या मशीनवर असा ॲक्टिव्हेटर आहे, त्यावर कुठलाच क्लीनर भरवशाचा निकाल देणार नाही.

तिसरं, स्कॅनच्या पर्यायांत 'ऑफलाइन स्कॅन' असतो. मशीन रीस्टार्ट होतं, विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी तपासणी होते आणि साधारण 15 मिनिटं लागतात. चालू विंडोजमध्ये लपून बसणारं इथे सापडतं.

दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर सहसा आपोआप मागे सरकतो. दोन कायम जागे राहणारे अँटिव्हायरस मात्र एकत्र ठेवू नका. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. प्रत्येक फाइल दोघंही उघडून बघतात, एकमेकांच्या कामावर संशय घेतात आणि मशीन गुदमरतं. त्या टॉवेल कारखान्यात टॅलीचं हेच झालं होतं.

चौथी पायरी: दुसरं मत हवं असेल तर एकच साधन

डिफेंडरने काही सापडलं नाही म्हटलं आणि त्रास चालूच असेल, तर एकदाच चालवून काढून टाकता येईल असं साधन घ्या. मायक्रोसॉफ्टचाच 'सेफ्टी स्कॅनर' आहे. डाउनलोड केल्यापासून 10 दिवसांनी तो निकामी होतो, पुन्हा ताजा उतरवावा लागतो, त्यामुळे शिळ्या यादीने तपासण्याचा धोका राहत नाही. ब्राउझरमधल्या चिकट्यांसाठी 'ॲडडब्ल्यूक्लीनर' चांगला आहे. 2016 पासून तो मालवेअरबाइट्स कंपनीकडे आहे आणि तो सापडलेलं काढायलाही पैसे मागत नाही.

आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही आहे. सर्ट-इन ही सरकारची सायबर सुरक्षा संस्था ते चालवते आणि 2017 च्या फेब्रुवारीत ते सुरू झालं. तिथे पुण्याची क्विक हील, चेन्नईची के7 आणि मुंबईची ईस्कॅन यांची फुकट 'बॉट रिमूव्हल टूल' ठेवलेली आहेत. बॉट म्हणजे तुमचं मशीन चोरून दुसऱ्याच्या हुकमावर चालवणारा प्रोग्रॅम. ही साधनं वापरायची सूचना देणारे सरकारी मेसेज अनेकांच्या मोबाइलवर आले होते आणि लोक मला विचारायचे, "हा मेसेज खरा का खोटा?" अशा वेळी मेसेज खरा की खोटा यावर वाद घालत बसू नका. त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका, ब्राउझरमध्ये 'सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन' हा पत्ता इंग्रजीत स्वतः टाइप करा. पत्ता स्वतः लिहिला की मेसेज कोणी पाठवला याने फरक पडत नाही.

हीच सवय प्रत्येक साधनासाठी ठेवा. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. मोठमोठ्या डाउनलोड साइटींनीही पूर्वी हा विश्वास मोडला आहे. 2011 साली डाउनलोड डॉट कॉमने 'एनमॅप' या प्रतिष्ठित साधनाला स्वतःचा इन्स्टॉलर गुंडाळून त्यात टूलबार घातला होता आणि एनमॅपच्या निर्मात्याने जाहीरपणे त्याचा निषेध केला. 2015 साली सोर्सफोर्जवर 'गिम्प' या चित्रं करायच्या मोफत सॉफ्टवेअरचं तसंच झालं. मूळ सॉफ्टवेअर दोन्ही वेळा निर्दोष होतं, चिकट्या वेष्टनात होत्या.

उतरवलेल्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' बघा. तिथे कंपनीचं नाव जुळलं पाहिजे. पण सही जुळली म्हणजे फाइल स्वच्छ, असं समजू नका. सीसीक्लीनर हा जगभर वापरला जाणारा क्लीनर. 2017 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जवळजवळ महिनाभर त्याच्या अधिकृत साइटवरूनच दूषित आवृत्ती वाटली गेली, कारण चोर कंपनीच्या आतच शिरले होते. सही कंपनीचीच होती आणि खरी होती. सुमारे 22 लाख 70 हजार कॉम्प्युटरवर ती पोहोचली. कंपनीने नंतर ती काढली, दुरुस्त केली, जाहीरही केलं. म्हणून जे साधन रोज लागत नाही ते काम झालं की काढून टाका, हा माझा आग्रह.

साधनं एकमेकांना चोर म्हणतात तेव्हा

नवख्या माणसाचा गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

स्कॅनरने काही पकडलं की त्याला दिलेलं नाव वाचा. 'ट्रोजन' (सोज्वळ रूपात आत शिरणारा घातक प्रोग्रॅम), 'रॅन्समवेअर' (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा) असं लिहिलं असेल तर तो घातपाताचा आरोप आहे. 'पीयूपी' किंवा 'पीयूए' असं असेल तर त्याचा अर्थ 'बहुधा तुम्हाला नको असलेला प्रोग्रॅम'. ते मत आहे, आणि प्रत्येक कंपनीची त्यासाठीची फूटपट्टी वेगळी. एक कंपनी दुसरीच्या मालावर हा शिक्का मारते तेव्हा दोन शक्यता असतात: तो माल खरोखर लोकांना फसवतो, किंवा शिक्का मारणाऱ्याला प्रतिस्पर्धी नको आहे. दोन्ही शक्यता कोर्टात गेलेल्या आहेत.

झँगो नावाची जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर वाटणारी अमेरिकन कंपनी होती. कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने तिला अडवलं म्हणून तिने दावा लावला. 2009 साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला आणि सुरक्षा कंपन्यांना नको ते अडवण्याचं मोठं संरक्षण मिळालं. पुढे 2016 साली मालवेअरबाइट्सने एनिग्मा कंपनीच्या 'स्पायहंटर'वर नको-असलेला-प्रोग्रॅम हा शिक्का मारला. दोघीही व्हायरस काढायचीच साधनं विकणाऱ्या. एनिग्माने दावा ठोकला. 2019 साली त्याच न्यायालयाने सांगितलं की धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याला दाबण्यासाठी अडवलं असेल तर ते संरक्षण आपोआप मिळणार नाही. 2023 साली आणखी पुढे जाऊन म्हटलं की 'धोका' आणि 'घातक' हे शब्द नुसतं मत मानून सोडता येणार नाहीत, ते खरे आहेत की खोटे हे तपासता येतं.

यातलं कोण साव आणि कोण चोर, हे मी इथे ठरवत नाही. पण वर्षानुवर्षं कोर्टात चालणारा वाद आपण घरी तिसरा क्लीनर टाकून मिटवू शकत नाही, एवढं लक्षात घ्या. आपण दुसरंच काही बघू शकतो: ते साधन आपल्याशी कसं वागतं.

ते फुकट तपासतं आणि काढायला पैसे मागतं का? पैसे मागणं हा गुन्हा नाही, पण त्यासाठी भीती वाढवली जाते का ते बघा. कुकीज (साइटींनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या) निरुपद्रवी नोंदी मोजून 'शेकडो धोके' असा लाल आकडा दाखवला जातो. आमच्या त्या कारखान्यातले 800 'प्रॉब्लेम' बहुतेक कुकीजच होत्या. आकड्यावर क्लिक करून यादी उघडते का? प्रत्येक नोंद कुठल्या फाइलची आहे ते सांगतं का? सांगत नसेल तर तो आकडा सोडून द्या.

भीती विकण्याचा धंदा मोठ्या दुकानांतही झाला आहे. अमेरिकेत ऑफिस डेपो या दुकानसाखळीत 'पीसी हेल्थ चेक' नावाची मोफत तपासणी होती. सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न विचारायचे: मशीन स्लो आहे का, जाहिराती येतात का, वगैरे. यातल्या एकावर जरी खूण केली, तरी तपासणीत काहीही निघो, निकाल धोक्याचाच दाखवला जायचा. 2019 साली ऑफिस डेपो आणि साधन पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून 3 कोटी 50 लाख डॉलर भरून अमेरिकी व्यापार आयोगाशी तडजोड केली.

एकाच फाइलबद्दल शंका असेल तर 'व्हायरसटोटल' या गूगलच्या मोफत सेवेवर ती चढवा. वेगवेगळ्या कंपन्यांची सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनं तिला तपासतात. तीस-चाळीस जणांनी धोका सांगितला तर विषय मिटला. एक-दोन अनोळखी नावांनीच सांगितलं तर ते बहुधा चुकीचं असतं, दोन दिवसांनी पुन्हा तपासा. पण तिथे चढवलेल्या फाइली इतर तपासनिसांनाही मिळू शकतात. आधार, पॅन, ग्राहकांची बिलं, जीएसटीची कागदपत्रं तिथे कधीही चढवू नका.

टूलबार गेले, एक्स्टेन्शन आली

दहा-पंधरा वर्षांपूर्वी डिजिटल सही करायला, ई-टेंडर भरायला आपल्याकडे सर्रास 'जावा' नावाचं सॉफ्टवेअर लागायचं. त्या जावाच्या इन्स्टॉलरमध्ये एक खूण आधीच केलेली असायची आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबणाऱ्याच्या ब्राउझरवर 'आस्क टूलबार' बसायचा. इथल्या कितीतरी सीएंच्या आणि ठेकेदारांच्या ऑफिसात मी तो काढला आहे. बनवणाऱ्याला तो कायदेशीर वाटायचा, वापरणाऱ्याला घुसखोर. 2015 साली मायक्रोसॉफ्टने त्याच्या जुन्या आवृत्त्या नको-असलेलं सॉफ्टवेअर ठरवल्या. यात पैसा कुठून येतो ते समजून घ्या. तुमचा प्रत्येक शोध त्यांच्या पानावरून गेला की तिथल्या जाहिरातींचे पैसे त्यांना मिळतात, आणि बसवून देणाऱ्याला बसवण्यामागे मोबदला मिळतो. फुकटातलं सॉफ्टवेअर अशा रीतीने कोणीतरी आधीच विकत घेतलेलं असतं.

आज तीच कामं एक्स्टेन्शन करतात. टाकताना 'सर्व साइटींवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी मागितली तर थांबा. जाहिराती अडवणाऱ्याला ती लागते. हवामान दाखवणाऱ्याला, कूपन देणाऱ्याला, पीडीएफ जोडणाऱ्याला ती देणं म्हणजे बँकेचं पान उघडताना त्याला शेजारी बसवणं. आणि एकदा बरं असलेलं एक्स्टेन्शन कायम बरं राहीलच असं नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' हे लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन मूळ निर्मात्याने 2020 मध्ये दुसऱ्याला सोपवलं आणि 2021 च्या फेब्रुवारीत गूगलने ते मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) म्हणून काढलं.

सुरक्षेच्या नावाखाली आलेल्यालाही हीच कसोटी लावा. ॲव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीच्या ब्राउझर एक्स्टेन्शनमधून आणि अँटिव्हायरसमधून गोळा केलेली लोकांच्या ब्राउझिंगची माहिती तिच्या जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली जात होती. 2020 च्या जानेवारीत ते उघड झालं, जम्पशॉट बंद करावी लागली, आणि 2024 साली अमेरिकी व्यापार आयोगाने ॲव्हास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. ॲव्हास्टचा अँटिव्हायरस व्हायरस पकडण्यात कच्चा होता असं नाही. व्हायरस पकडणं आणि विश्वासाने वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

टाकताना नेहमी 'कस्टम' निवडा, प्रत्येक पान वाचा, आधीच केलेल्या खुणा काढा. 'डिक्लाइन' दाबल्याने मूळ सॉफ्टवेअर यायचं थांबत नाही, फक्त सोबतचं येत नाही.

मोबाइलबद्दल थोडक्यात. अँड्रॉइडवर क्लीनर, बूस्टर, बॅटरी सेव्हर यांची गरज नाही. भारत सरकारने 29 जून 2020 रोजी बंदी घातलेल्या 59 ॲपमध्ये क्लीन मास्टर, डीयू क्लीनर आणि व्हायरस क्लीनर ही नावंही होती. प्ले स्टोअरमधलं 'प्ले प्रोटेक्ट' चालू ठेवा आणि व्हॉट्सॲपवर आलेली एपीके (ॲप बसवणारी) फाइल कोणाचीही असो, टाकू नका.

फॉरमॅट कधी मारायचा? रॅन्समवेअरने फाइली कुलूपबंद केल्या, बँकेचे पैसे गेले, डिफेंडर चालूच होऊ देत नाही, किंवा मशीनवर ॲक्टिव्हेटर आहे, अशा वेळी. पोलिसांत तक्रार करायची असेल तर आधी ती करा, पुरावा पुसू नका. टॅलीचा डेटा आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या, पण .ईएक्सई फाइली आणि इन्स्टॉलर सोबत आणू नका. दुकानात फॉरमॅटला दिलात तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा: क्रॅक केलेलं काही टाकायचं नाही, आणि परत देताना एक्सक्लूजन्सची यादी उघडून दाखवायची.

त्या कारखान्यातून मी पाचही राखणदार काढले, चारही एक्स्टेन्शन काढली, डिफेंडर नीट चालू केला आणि एकदा ऑफलाइन स्कॅन घेतला. नवं काहीच टाकलं नाही. मालकांनी हिशेब बघणाऱ्या मुलीला वहीत लिहून ठेवायला सांगितलं, दर महिन्याच्या 1 तारखेला ॲप्सची आणि एक्स्टेन्शनची यादी बघायची. ती वही आता मॉनिटरशेजारी असते.